उंच उंबरठा ओलांडतात, पण सपाट दारात अडतात

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, माझे सासरे अप्पा, वय ७१, पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी आम्ही पंचवटीतला वाडा सोडून इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. तेव्हापासून अप्पा बाथरूमच्या दारात आले की थांबतात, पाय फरशीला चिकटल्यासारखे, कधी कधी दोन मिनिटं. आणि बिल्डिंगचा जिना मात्र सटासट चढतात! वाड्यात केवढा उंच उंबरठा होता, तिथे कधी अडले नाहीत. मागच्या महिन्यात नातू सोफ्यावरून पडत होता तर चक्क पळत गेले. सासूबाई म्हणतात सगळी नाटकं आहेत. बोलतात तेही पुटपुटल्यासारखं आणि वर आम्हालाच म्हणतात तुम्ही बहिरे झालात. सही बारीक होत गेली, बँकेने जुळत नाही म्हणून चेक परत केला. तरुणपणी ढोल पथकात होते, गणपतीत अजून पाय हलतात. मिस्टर म्हणतात डोस वाढवून घेऊ, शेजारच्या काकू कसलीशी पावडर द्या म्हणतात. अप्पांनी सिंहस्थात रामकुंडावर स्नान करायचंच असं धरलंय. मला काही सुचेनासं झालंय. – एक सून, इंदिरानगर, नाशिक"

अगं, तुला तूच म्हणते, मी तुझ्या आईच्या वयाची असेन. फिजिओथेरपीत तीस वर्षं काढली, त्यामुळे औषधाचा शेवटचा शब्द तुमच्या न्यूरो डॉक्टरांचा, पण पायांबद्दल मी बोलू शकते.

आधी सासूबाईंना सांग, नाटक नाहीये. ज्याला नाटक करायचंय तो माणूस हॉलमध्ये करेल, पाहुण्यांसमोर करेल, पहाटे साडेपाचला लघवीची घाई लागलेली असताना बाथरूमच्या दारात कोण करतं? आणि गंमत बघ, तुला ज्या गोष्टींमुळे संशय येतोय ना, जिना, उंबरठा, नातवाला धरायला पळणं, त्याच तर पुरावा आहेत. तू पत्रात उत्तर लिहूनच पाठवलंयस.

आता नीट सांगते. आपण चालतो तेव्हा चालण्याचा विचार करत नाही. तू भाजीची पिशवी एका हातात, मोबाईल कानाला, समोरून येणारी बाईक चुकवत घरी येतेस आणि एकदाही "आता डावा पाय" असं मनात म्हणत नाहीस, कारण ते काम मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे काही पुंजके बघतात, डॉक्टर त्यांना बेसल गँगलिया म्हणतात. सवयीच्या हालचाली एकामागोमाग एक आपोआप सुटाव्यात, योग्य तेवढ्या मोठ्या सुटाव्यात, हे त्यांच्याकडे. त्यांना डोपामीन लागतं आणि ते येतं मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका काळसर पट्ट्यातून, त्याचं नावच सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. पार्किन्सनमध्ये तिथल्या पेशी मरत जातात, हळूहळू, वर्षानुवर्षं, आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. म्हणजे अप्पांच्या पायात ताकद नाही असं नाहीये, पायाला "नीघ" म्हणणारा आतला हुकूमच वेळेवर पोचत नाही.

पण चालण्याचा हा एकच रस्ता नाही. डोळ्यांना काही दिसलं, कानाला काही ऐकू आलं आणि त्याला उत्तर म्हणून पाय उचलला, हा दुसरा रस्ता, तो मेंदूच्या वेगळ्या भागातून जातो आणि पार्किन्सनमध्ये तो पुष्कळसा शाबूत राहतो. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते "इथे ठेव, आता इथे ठेव". वाड्याचा उंबरठा तेच सांगत होता. नातू पडताना दिसला तेव्हा तर आतल्या हुकमाची वाट बघायची गरजच नव्हती. आणि तुमच्या फ्लॅटचं बाथरूमचं दार? सपाट, क्रीम टाइल्स, आत-बाहेर एकसारखं, पकडायला काहीच नाही. वर अरुंद जागा, आत गेल्यावर लगेच वळायचं, घाई लागलेली, आणि मागून कुणीतरी "अहो चला ना" म्हणतंय. पाय चिकटायला लागणारं सगळं सामान एका जागी जमवलंय तुम्ही. बिल्डरला कुठे माहीत की उंबरठा काढून त्याने अप्पांचा आधार काढला. (व्हीलचेअरवाल्यांसाठी सपाटच बरं, तो वेगळा विषय.)

सासूबाईंना वाटतंय त्यात वेगळं काही नाही, अशी माणसं बघून सगळेच चक्रावतात. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं ते फक्त सहा माणसांवरून, त्यातली काही तर त्यांना रस्त्यात जाता-येता दिसलेली.

आता दुसरी अर्धी गोष्ट, आणि ही घरच्यांना कुणी सांगत नाही म्हणून जरा वेळ घेते. हालचाल करणं हे अर्धं काम, आपण किती हालचाल केली ते कळणं हे उरलेलं अर्धं. डोळे मीट आणि बोट नाकाला लाव. लागलं ना? दिसत तर काहीच नव्हतं. स्नायूंच्या आत बारीक बारीक तारांसारखे सेन्सर असतात, स्नायू किती ताणलाय ते मेंदूला सतत कळवत राहतात, सांधे कळवतात, कातडी कळवते, त्यावरून मेंदूकडे शरीराचा नकाशा चालू राहतो. आणि मेंदू नुसती वाट बघत नाही, आधीच अंदाज बांधून ठेवतो. लाईट गेलेली असताना जिना उतरतो, वाटतं अजून एक पायरी आहे, पाय टाकतो आणि पायरी नसतेच, कसं धस्स होतं! तो धसका म्हणजे मेंदूचा अंदाज चुकल्याची पावती.

हे ज्ञान गेलं तर काय होतं याचं एक खरं उदाहरण आहे. इंग्लंडमधला इयन वॉटरमन, १९७१ साली वय १९, एका तापानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हातपाय कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायूंची ताकद जागेवर, आणि तरी त्याला नुसतं उठून बसता येईना. मग तो बघून बघून शिकला, प्रत्येक हालचाल डोळ्यांनी करायची, चालायलाही लागला, पण खोलीतला दिवा गेला की खाली. साखरेमुळे किंवा बी ट्वेल्व्ह कमी पडल्यामुळे पायांच्या नसा गेलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, ती बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की डोलतात, तो याचाच छोटा प्रकार. (अप्पांची बी ट्वेल्व्ह केलीये का? शाकाहारी असाल तर एकदा करून घ्या, स्वस्त आहे.)

अप्पांचं असं पूर्ण गेलेलं नाही, त्यांचं मीटर चुकीचं पडतंय. रिक्षाचं मीटर समज, नाशकात रिक्षा मीटरने जात नाहीत हे घडीभर विसर. अर्धा किलोमीटर गेली आणि मीटर दाखवतंय एक किलोमीटर. अप्पा बारीक पाऊल टाकतात, आतून त्यांना वाटतं चांगली ढांग टाकली. पुटपुटतात, आतून वाटतं खणखणीत बोललो, आणि समोरच्याला ऐकू आलं नाही तर साहजिक निष्कर्ष काय, तर हे बहिरे झाले! खोटं नाही बोलत गं ते, त्यांना खरंच तसं ऐकू येतंय. सहीचंही तेच, पहिलं अक्षर नेहमीचं, पुढे बारीक बारीक होत शेवटी मुंगीच्या रांगेसारखं, आणि त्यांना वाटतं नेहमीसारखीच तर केली.

म्हणून "मोठ्याने बोला, मोठ्याने बोला" असं दिवसभर सांगून उपयोग नाही, त्यांच्या मीटरवर ते मोठंच आहे. मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड कर आणि त्यांनाच ऐकव. चिडून नाही, शांतपणे, दोघंच असताना. बहुतेक पेशंट पहिल्यांदा ऐकतात तेव्हा गप्प होतात, मग म्हणतात हा मी? मग सांगायचं, अप्पा, तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याला हाक मारायचीये असं समजून बोला. त्यांना ते ओरडल्यासारखं वाटेल, लाजतील, आणि तुम्हाला ते नॉर्मल ऐकू येईल. यावर स्पीच थेरपिस्टकडे ठरलेली थेरपी आहे, एलएसव्हीटी म्हणतात, आठवड्याला ४ दिवस असे ४ आठवडे, म्हणजे तासाभराची १६ सेशन्स, आणि सगळा भर एकाच गोष्टीवर, मोठा आवाज. शिकलेला थेरपिस्ट मिळाला तर जरूर कर. आणि जेवताना ठसका लागत असेल तर तेही सांग तिथे, गिळण्याचाही संबंध आहे.

सहीसाठी दुरेघी वही आण, पहिलीतल्या मुलांची असते ना तीच, रोज एक पान. समोर रेघा असल्या की अक्षर मोठं राहतं, तोच डोळ्यांचा रस्ता. बँकेशी मात्र भांडत बसू नका, अप्पांना घेऊन जा, सहीचा नमुना बदलून घ्या, आजाराचा कागद सोबत ठेवा. जायचं ते गोळी चांगली चढलेली असते, म्हणजे तिचा असर चालू असतो, त्या वेळेला, नाहीतर नवीन नमुनाही मुंगीचाच होईल.

आता दार. दोन इंची रुंद रंगीत टेप आण, फरशीवर चिकटवायची मिळते ती. दाराच्या अलीकडे तीन पट्ट्या, एक बरोबर दारात, आडव्या, म्हणजे चालायच्या दिशेला काटकोनात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. दोन पट्ट्यांमध्ये अप्पांचं चांगलं पाऊल पडतं तेवढं अंतर, साधारण दीड फूट, पण त्यांना चालवून बघून ठरव. लोक उभ्या पट्ट्या लावतात रस्त्याच्या डिव्हायडरसारख्या, त्याचा काही फायदा नाही. बाथरूमच्या आत ओलं असतं तिथे टेप नको, निघेल आणि पाय सरकेल, खरखरीत अँटीस्किड पट्टी लाव. दाराजवळचं पायपुसणं आजच उचल. भिंतीला दांडा बसव, टॉवेलचा नाही, वजन पेलणारा. रात्री दिवा चालू, कारण अंधारात तो डोळ्यांचा रस्ताच बंद. घरातही सपाता नकोत, मागून पट्टा असलेलं काहीतरी घालू देत.

आणि पाय चिकटले की हात धरून ओढायचं नाही. हे मी माझ्या चुकीतून सांगतेय. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, एका पेशंटना लिफ्टपाशी घेऊन आले, दार उघडलं, त्यांचे पाय चिकटले, मागे माणसं उभी, दार बंद व्हायला लागलं आणि मी "चला काका, चला चला" करत हात ओढला. पाय जागेवर आणि वरचं अंग पुढे. मनगट मोडलं त्यांचं. ते मला पुढे चार महिने "तुझी चूक नाही गं" म्हणत राहिले, चूक माझीच होती.

ओढण्याऐवजी, थांबू दे. पूर्ण थांबू दे, चिकटलेल्या पायांशी झगडायचं नाही, जितकं झगडतील तितके जास्त चिकटतात आणि टाचा उचलून नुसतं थरथर थरथर होतं. सरळ उभं राहायचं, एक श्वास, मग वजन डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, असं डोलायचं, आणि मग एक मोठं पाऊल, टाच आधी. हवं तर तू त्यांच्या पुढे तुझा पाय आडवा ठेव आणि म्हण, अप्पा, माझ्या पायावरून ओलांडा. बघच काय होतं ते. सासूबाईंसमोर कर हे, एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की माझ्या लेखाची गरज नाही. वळायचं असेल तर जागच्या जागी गिरकी नको, सीबीएस स्टँडवर एसटी कशी वळते, लांब वळसा घेऊन, तसं वळायचं. आणि चालताना त्यांच्याशी गप्पा मारू नका, हातात पाण्याचा ग्लास देऊ नका. चालणं आता त्यांच्यासाठी लक्ष देऊन करायचं काम झालंय, तेवढंच लक्ष त्यांच्याकडे आहे, त्यात वाटेकरी नकोत.

ढोलाचं वाचून मला फार बरं वाटलं. ताल हा कानाचा रस्ता आहे आणि ज्याच्या अंगात ताल मुरलाय त्याला तो लवकर सापडतो. पण आपला नाशिक ढोल मिरवणुकीत जो चढतो ना, तो चालण्यासाठी फार फास्ट, त्या वेगाने पावलं आणखी बारीक आणि पळती होतील आणि तोंडावर पडतील. अप्पा चांगले चालत असताना एका मिनिटात किती पावलं टाकतात ते मोज आणि मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक वाजणारं, फुकट अ‍ॅप मिळतं त्यात तेवढाच आकडा लाव. किंवा अ‍ॅप राहू दे, त्यांना स्वतःलाच मांडीवर थाप देत "धिन, धिन" म्हणू दे आणि तिसऱ्या ठोक्याला पाऊल. माझे एक पेशंट वारकरी होते, ते मनात टाळ धरायचे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गर्दी कमी असते तेव्हा याची प्रॅक्टिस करा, घरातल्या दोन दारांच्या मधे होत नाही ती.

डोसबद्दल. मिस्टरांना सांग, परस्पर वाढवायचा नाही आणि परस्पर बंद तर अजिबात नाही, अचानक बंद केला तर जिवावर बेतू शकतं. आधी आठ दिवस एक वही ठेव, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय किती वाजता चिकटले. पाय गोळीचा असर उतरल्यावर चिकटत असतील तर डॉक्टर वेळा बदलतील, डोस बदलतील. गोळी चढलेली असतानाही चिकटत असतील तर डोस वाढवून कदाचित काही होणार नाही, उलट नसलेलं दिसायला लागेल, भास होतील, हातपाय वळवळायला लागतील. हा फरक वहीशिवाय डॉक्टरांना दहा मिनिटांच्या ओपीडीत कळणार कसा? दोन-तीन व्हिडिओ पण काढ, कारण डॉक्टरांसमोर ही माणसं हमखास छान चालतात. आणि लेव्होडोपाची (मेंदूत जाऊन डोपामीन बनतं ते औषध) गोळी असेल तर वरण, दूध, पनीर यांच्यासोबत ती नीट शोषली जात नाही, प्रोटीन तिच्या वाटेत येतं, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी घेता येईल का ते विचार. लोहाच्या गोळीचंही तसंच, दोन्हीत अंतर ठेवायचं. चक्कर येते म्हणून कुणी सिनारिझिन दिलंय का, उलटीवर मेटोक्लोप्रमाइड? या दोन्हींनी पार्किन्सनची लक्षणं वाढतात आणि मेडिकलवाले सर्रास देतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओत.

काकूंची पावडर बहुतेक खाजकुयलीच्या बियांची असणार. काकूंना हसू नकोस, त्यात खरंच लेव्होडोपा असतं, भारतातल्याच शास्त्रज्ञांनी १९३७ साली त्या बियांतून ते वेगळं काढलं. अडचण तीच आहे. म्हणजे गोळी चालू असताना वर पावडर दिली की डबल डोस झाला, आणि चमच्यात किती गेलं ते कुणालाच माहीत नाही. द्यायचीच असेल तर न्यूरो डॉक्टरांना सांगून, लपवून नाही.

एक लक्षात ठेव, हे सगळं हळूहळू चालणारं आहे. एका रात्रीत चालणं बंद झालं, बडबड सुरू झाली तर आधी लघवीचं इन्फेक्शन वगैरे बघायला लागतं. एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं तर ते पार्किन्सन नाही, तो स्ट्रोक, तेव्हा मला पत्र लिहू नकोस, तडक हॉस्पिटल, पहिल्या साडेचार तासांना फार किंमत असते.

राहिलं रामकुंड. पर्वणीच्या दिवशी नको गं. २०२७ ची ती गर्दी, मागून रेटा, अरुंद गल्ल्या, पोलिसांची शिट्टी "चला पुढे", ओल्या शेवाळलेल्या पायऱ्या, अप्पांच्या पायांना न मानवणारी एकही गोष्ट तिथे शिल्लक राहणार नाही. पण स्नान नाहीच असं मी म्हणत नाही. माणूस पंचवटीत जन्म काढतो आणि सिंहस्थात घरी बसतो हे मलाही पटत नाही. पर्वणी सोडून मधला एखादा साधा दिवस बघा, आठवड्यातला, सकाळची गोळी घेऊन तासभर झालेला. एका बाजूला मिस्टर, एका बाजूला तू, दोघं अर्धं पाऊल मागे, हात त्यांनी तुमचा धरायचा, तुम्ही त्यांचा नाही. पायऱ्या ते उतरतील, पायऱ्यांची भीती नाही, भीती आहे ती पायऱ्या संपून सपाट फरशी लागते तिथे, तिथे आधीच थांबून डोलायचं आणि मग निघायचं. पाण्यात उतरवू नका, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवा आणि अंगावर घाला. तांब्या घरून न्या, मोठा.